दमयंतीबाईंची दीड मिनिटांची फीत

मित्रांनो, आदिलाबादकडच्या बोथ गावातल्या एका शाळेत चित्रकलेच्या खोलीत लोखंडी कपाट आहे. त्याच्या खालच्या फळीवर मी पडून असतो. मी सिनेमा दाखवणारा जुना प्रोजेक्टर. दिव्यापुढून फीत सरकवायची आणि कापडावर चित्र पाडायचं, एवढंच माझं काम. पहिली काही वर्षं मी कापसावरच्या फवारणीचे माहितीपट दाखवले. चित्र हललं की मुलं टाळ्या वाजवत, आणि खरं सांगतो, मी फुगून जाई.

चित्रकलेच्या दमयंतीबाईंचा माझ्यावर जीव होता. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर त्यांनी तीन वर्षं खपून अकराशे चित्रं काढली. ओटीत कापूस वेचणारी एक बाई, एवढीच गोष्ट. उसन्या कॅमेऱ्यानं एकेक चित्र टिपून, फितीचे तुकडे स्वतःच्या हातानं जोडून चिकटवले; फीत झाली दीड मिनिटांची. तिची दुसरी प्रत नव्हती.

१९८८च्या दसऱ्याच्या सुमारास बाईंनी कापसाच्या जिनिंगच्या रिकाम्या शेडमध्ये चलचित्रांचं प्रदर्शन मांडलं. धोतरं शिवून तीन बाजूंना पडदे लावले, प्रेक्षक मधोमध. एका पडद्यावर युरोपातल्या कलावंतांची खडूच्या रेघांची माणसं, समोरच्यावर चिनी चित्रकारांचे शाईच्या दोन फटकाऱ्यांत उडणारे बगळे. माझ्या जोडीला आदिलाबादहून दुसरा प्रोजेक्टर आणला होता. परदेशी फिती घेऊन हैदराबादच्या चित्रपट मंडळाचे पाहुणे आले होते. बाईंची फीत आवडली तर चलचित्रं शिकायला त्यांना हैदराबादला जागा देऊ, असा पाहुण्यांचा शब्द होता. म्हणून तिसरा पडदा बाईंचा, आणि सुरुवातही त्यांचीच.

त्या दिवशी खंडेनवमी होती. बाईंनी मला पुसलं, फीत ओवली, वर फडकं घातलं आणि हेडमास्तर उद्धवरावांना बजावलं, "सर, आता याले हात नका लावू बरं."

"बाई, नवमीले मशीन बिनपूजेचं कसं ठेवाव?" ते म्हणाले.

बाई जेवायला गेल्या. उद्धवरावांनी फडकं काढलं, हळदकुंकू वाहिलं, वरून मूठभर अक्षता टाकल्या आणि हात जोडले. मनानं माणूस वाईट नव्हता. पण एक तांदूळ माझ्या पोटात, फीत सरकते तिथंच जाऊन बसला.

संध्याकाळी शेड भरली. कापूसवाली दोन पावलं चालली आणि फीत अडकली. माझा दिवा एकाच जागी तापत राहिला. तिच्या चेहऱ्यावर तपकिरी भोक पडलं आणि वाढत गेलं. कोणीतरी माझी तार ओढली तोवर मी आतल्या आत गुंडाळून बाकीची फीतही फाडली होती. माझ्याच दातांनी, मित्रांनो. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं आणि दुसरा प्रोजेक्टर सुरू करायला सांगितलं. बगळे उडाले, लोक खूश झाले.

अंधारात उद्धवरावांनी माझं झाकण उघडलं. नखानं तांदूळ काढला, पाहिला आणि खिशात घातला.

"काऊन जळली, सर?" बाईंनी विचारलं.

"तुमचाच जोड वाकडा असन, बाई."

बाईंनी मान डोलावली. उरलेला कार्यक्रम त्यांनी उभ्यानं पार पाडला. पाहुणे गेले, त्यांचं पत्र आलं नाही. दिवाळीनंतर बाईंनी ती अकराशे चित्रं मुलांना वह्यांची कव्हरं घालायला वाटून टाकली. उद्धवराव मात्र दर नवमीला न चुकता माझी पूजा करत राहिले. ते निवृत्त झाले तेव्हा पहिला हार बाईंनीच घातला. चीड येते मला, पण मला वाचा कुठे?

मित्रांनो, आम्हा यंत्रांना फूल नको, कुंकू नको, कोरडं फडकं पुरे. आणि तुमच्या हातून कोणाचं काही बिघडलं, तर त्याला त्याच दिवशी सांगा. दहा वर्षं झाली त्या नवमीला. परवा चिकटकामाच्या तासाला बाईंनी कागद मुलींपुढे सरकवला आणि म्हणाल्या, "तुमीच चिकटवा पोरींनो. माह्या हातचा जोड सरळ येत नाही."