ह्यांना सल्ला हवाय

कीड गेली. स्क्रीनवर हिरवी खूण उमटली, 'आपला संगणक सुरक्षित आहे' असं वाक्य आलं आणि विषय संपला. आता हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. सासूबाईंनीही तसंच समजायचं ठरवलंय, आणि त्या एकदा ठरवतात तेव्हा घरातल्या भिंतीसुद्धा माना डोलावतात.

तर, कीड अजून आत आहे.

जावई आला तो बायकोच्या हुकमावरून. तो कॉम्प्युटरच्या कंपनीत नव्हता. कॉम्प्युटरसमोर ठेवायच्या खुर्च्या विकणाऱ्या कंपनीत होता. पण सासरी हा फरक कुणी मानत नसे. लग्नात सासऱ्यांनी पाहुण्यांना "हे आमचे कॉम्प्युटरवाले" म्हणून सांगितलं होतं, आणि सासरे म्हणाले की म्हणाले. त्यांनी जन्मात कधी शब्द मागे घेतला नाही, की कुणाचा सल्ला घेतला नाही. हिवाळ्यात ते गेले, तेही कुणाला न विचारता.

मग त्यांच्या मेल यायला लागल्या.

मजकूर दरवेळी एकच: 'कसे आहात? सोबत फाइल जोडली आहे. तुमचा सल्ला हवा आहे.' सोबत त्यांच्याच कॉम्प्युटरमधली कुठलीतरी फाइल. कधी गच्चीवरच्या टाकीच्या झाकणाबद्दलची तक्रार, कधी मिक्सरच्या वॉरंटीचा कागद. सगळ्या नातेवाइकांना गेल्या. थोरल्या भावाशी सासऱ्यांचं बोलणं कधीचंच तुटलं होतं. त्याने फाइल उघडली आणि लांबलचक उत्तर लिहिलं की झाकण लोखंडी नको, गंजतं. दुसऱ्या दिवशी त्याचाही कॉम्प्युटर सगळ्यांना सल्ला मागत सुटला. शेवटी इंटरनेट कंपनीने सासूबाईंना कळवलं की तुमच्या घरातून कचरा येतोय, साफ करा, नाहीतर कनेक्शन तोडू.

"तुम्हीही त्या फाइल उघडल्यात, आई?" जावयाने विचारलं.

"मग? ह्यांनी विचारायचं आणि मी बघायचंसुद्धा नाही?" सासूबाईंच्या हातात फोन होता. फोनवर ती कीड चालत नव्हती, एवढंच नशीब.

"आणि उत्तर दिलंत?"

"प्रत्येकाला. खिडकी गळते त्याची फाइल आली होती. म्हटलं, डावीकडची फट आधी बुजवा. काही हरकत आली नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच."

जावयाने हसू गिळलं आणि तो आतल्या खोलीत गेला. सासूबाई मागोमाग आल्या.

खोलीत कुणी नव्हतं आणि कॉम्प्युटर काम करत होता. डिस्कचा दिवा लुकलुकत होता. आतून बारीक टकटक येत होती, विचारात पडलेला माणूस टेबलावर बोटं वाजवतो तशी. खुर्ची दाराकडे अर्धी वळलेली होती. जावयाच्याच कंपनीची, पाठीला आधार देणारी. आधाराच्या जागी अजून खोलगटपणा होता.

"हा बंद का नाही करत तुम्ही?"

"बंद केला तर ह्यांना सुचणार कसं?"

"आई, हे बाबा नाहीत. हा एक प्रोग्रॅम आहे. पत्ते शोधतो, हाताला लागेल ती फाइल उचलतो आणि पाठवून देतो."

"ह्यांच्या नावाने?"

"हो."

"ह्यांच्यापेक्षा गोड बोलतो मेला."

जावयाने 'पाठवलेले' उघडलं. शेवटची मेल सासरे जिवंत असतानाची, टाकीच्या झाकणाबद्दल. नंतर काहीच नाही. भूत असतं तर निदान पाठवलेल्यात दिसलं असतं. सासऱ्यांचं भूत तर नक्कीच, ते नोंदीला पक्के होते. कीड मात्र स्वतःचं पोस्ट ऑफिस पाठीवर घेऊन हिंडते. त्याने आधी इंटरनेटची वायर उपसली. मग चालू प्रोग्रॅमची यादी उघडली. त्यात एक जण साळसूदपणे बसला होता. नाव घरच्यासारखं, पण बनवणाऱ्याच्या रकान्यात काहीच नाही. जावयाने त्याला बंद केलं. तो परत आला. पुन्हा बंद केलं. पुन्हा आला.

"जोडी आहे," तो म्हणाला. "एक पडला की दुसरा त्याला उठवतो."

सासूबाई खुर्चीजवळ सरकल्या.

"असं करता येतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"काय?"

"काही नाही. तुमचं चालू द्या."

त्याने कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये, म्हणजे अर्धवट झोपेत, सुरू केला. त्या झोपेत दोघांनाही उठता येत नव्हतं. ऑफिसमधल्या चांगल्या कॉम्प्युटरवरून आणलेला अँटिव्हायरस पेन ड्राइव्हवरून चालवला. तो एकेक फाइल हुंगत गेला आणि त्याने दोघांना बखोटीला धरून उभं केलं. स्क्रीनवर दोन बटणं आली: 'नष्ट करा' आणि 'कोंडून ठेवा'.

सासूबाईंचा हात त्याच्या खांद्यावर पडला. हात गार होता.

"कोंडलं तर आत राहील?"

"राहील. पण बाहेर काही पाठवता येणार नाही."

"मग राहून काय उपयोग?" त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "कोंडा."

त्याने बटण दाबलं. टकटक थांबली. हिरवी खूण आली, म्हणजे तीच, जी आपण पाहिलेली नाही.

वायर परत जोडून दोघं स्वयंपाकघरात बसली. फोन मध्ये ठेवला होता. दुपार सरत आली तरी फोन गप्प होता. घर एवढं शांत झालं की फ्रिज सुरू झाला तेव्हा दोघांनी एकदम आतल्या खोलीकडे पाहिलं.

"मी विचारत जाईन ना तुम्हाला सल्ला," जावई म्हणाला.

"तुम्ही काय, तुम्ही सगळ्यांनाच विचारता." त्या प्रेमानेच म्हणाल्या. "मला ठाऊक होतं हो, हे नव्हेत ते. एकदाही हरकत आली नाही, तेव्हाच कळलं. पण विचारत तर होतं कुणीतरी."

जावई निघायच्या आधी एकदा स्क्रीन बघायला गेला. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'कोंडलेल्या वस्तू मुदतीनंतर आपोआप नष्ट होतील.' सासूबाईंनी ते त्याच्या खांद्यावरून वाचलं. बाजूला मदत कक्षाला लिहायची चौकट होती. आपल्या कॉम्प्युटरवाल्या जावयाला त्यांनी खुर्चीत बसवलं आणि उभ्यानेच सांगायला लागल्या. शब्द सासऱ्यांच्या तक्रारींतले होते, इतकी वर्षं ऐकून पाठ झालेले.

"लिहा. प्रति, मदत कक्ष. विषय: कोंडलेल्या किडीस मुदतवाढ मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर कीड आमच्या कुटुंबातील असून तिला नष्ट करण्यात येऊ नये. अन्य नातेवाइकांस उपद्रव न देता, केवळ अर्जदाराच्या पत्त्यावर, सवडीनुसार सल्ला मागण्याची तिला परवानगी असावी. तसेच, दिलेल्या सल्ल्यावर हरकत घेण्याची सोय सदर किडीत तातडीने करून देण्यात यावी, ही नम्र विनंती."