डोहाची वाट

बायका म्हशी घेऊन उताराला लागल्या तेव्हा डोहाकडं जाणाऱ्या वाटेवर तारेचं कुंपण उभं होतं. पुढच्या म्हशी तारेला नाक लावून थांबल्या, मागच्या त्यांना ढकलू लागल्या. पलीकडं खड्डे खणणाऱ्या गड्यानं सांगितलं, की हा प्लॉट मुंबईच्या कुणा साहेबांनी घेतलाय, इथं बंगले होणार आहेत, आणि ग्रामपंचायतीनं ना हरकत दिलेली आहे.

सगळ्यांनी सोनुबाईकडं पाहिलं. ती पंचायतीची सदस्य होती. तिची धाकटी जाऊ भागी म्हणाली, "बाय, तू व्हतीस ना मीटिंगला? कवा ठरलं ह्ये?"

"मला ठाव नाय," सोनुबाई म्हणाली. "मी नसन त्या दिवशी."

असं म्हणून ती म्हशी वळवायला मागं गेली. कुणी जास्त विचारलं नाही. सोनुबाई म्हणते म्हणजे तसंच असणार, असा सगळ्या धनगरवाड्याचा तिच्यावर भरवसा होता.

खालापूरच्या बाजूला डोंगराच्या खांद्यावर त्यांचा धनगरवाडा होता. म्हशी राखायच्या, पहाटे दूध काढायचं, किटल्या डोक्यावर घेऊन शिळफाट्याच्या हॉटेलांना घालायच्या, हे बायकांचं काम. मुली सातवी झाल्या की म्हशींमागं जात. भागीचा नवरा वारला तेव्हा तिनंही लेकीला, वनिताला, शाळेतून काढायचं ठरवलं होतं. सोनुबाईनंच तिला अडवलं. पोरगी हुशार हाय, तिचं वाटोळं करू नको, म्हणून ती भागीशी भांडली, शाळेत जाऊन बाईंना भेटली. वनिता आता दहावीला होती. पंचायतीची जागा बायकांसाठी राखीव झाली तेव्हा वाड्यातल्या बायकांनी एकमुखानं सोनुबाईचं नाव घेतलं ते यामुळंच.

पहिल्याच मीटिंगमध्ये तिनं वाड्याच्या पाण्याचं विचारलं होतं. तो विषय मघाशीच होऊन गेला होता, तिला कळलं नव्हतं. उपसरपंच येसाजी हसून म्हणाले, "सोनुबाई, गाडी पुढच्या स्टेशनात गेली, तुमी अजून मागंच." सगळी खोली हसली. तसं ते हसणं वाईट नव्हतं, पण सोनुबाईचे कान तापले. त्या दिवसापासून ती कडेच्या खुर्चीत भेगाळलेल्या टाचा आत ओढून बसू लागली. आपल्या लुगड्याला शेणाचा वास येत असेल, या विचारानं शेजारची खुर्ची मोकळी ठेवायची.

त्यानंतरच्या एका मीटिंगमध्ये येसाजींनी जमिनीच्या एका गटाचा नंबर वाचला, ना हरकत द्यायची आहे म्हणाले. हा गट कुठला, असं विचारायला सोनुबाईनं तोंड उघडलं होतं. पुन्हा हसतील, असं वाटलं. तेवढ्यात सगळ्यांचे हात वर गेले. तिनंही हात वर केला. घरी जाताना तिला थोडं बरंसुद्धा वाटलं होतं, आज आपलं काही चुकलं नाही म्हणून.

कुंपण पाहिलं आणि तिला तो नंबर कुठला ते कळलं.

आता म्हशी पाण्याला न्यायच्या तर डोंगराला वळसा घालून, डंपरच्या रस्त्यावरून, खालच्या बंधाऱ्याला न्याव्या लागत. त्यात दुपार जायची. ज्यांच्या घरात माणसं होती त्यांनी कसंबसं जमवलं. भागीच्या घरात दोघीच. ती दूध घेऊन शिळफाट्याला गेली की म्हशींमागं वनिता. पोरीची शाळा आधी एक दिवसाआड झाली, मग सुटलीच. परीक्षा तोंडावर आली होती.

सोनुबाईला ते बघवेना. तिनं आपल्या म्हशींबरोबर भागीच्याही म्हशी हाकायला सुरुवात केली, आणि नवऱ्याला, गोमाला, बाकीच्या कामाला लावलं. काही दिवस वनिता शाळेत गेली. एका संध्याकाळी भागी ताकाचा तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, की सख्खी बहीणही एवढं करत नाही. सोनुबाईनं तांब्या घेतला. भागी गेल्यावर तिनं ते ताक रेडकापुढं ओतलं. तिच्या घशाखाली ते उतरलं नसतं.

आपण सांगायला हवं, असं तिला रोज वाटायचं. रोज भागीचं तोंड बघितलं की शब्द मागं जायचे. पहिल्या दिवशीच बोलली असती तर नुसती चूक होती. आता त्या चुकीवर खोटं चढलं होतं, आणि त्यावर भागीचं ताक.

मग सोनुबाईला ताप आला आणि म्हशी पुन्हा वनिताकडं गेल्या.

त्याच दुपारी डंपरनं भागीची चांदरी म्हैस उडवली. गाभण म्हैस. मागचे दोन्ही पाय मोडून ती रस्त्याच्या कडेला पडली. माणसं पोचेस्तोवर डंपर निघून गेला होता. संध्याकाळपर्यंत म्हैस मेली. वनिता तिच्या डोक्याशी बसून होती. भागीनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माझं ध्यान नव्हतं, आये. पुस्तक वाचत होते."

भागी पोरीला मारत नसे. त्या दिवशीही तिनं मारलं नाही. घरी येऊन तिनं वनिताची पुस्तकं गोणीत भरली आणि गोणी माळ्यावर टाकली. वनिता स्वतःच म्हणाली, "राहू दे. माझ्यामुळंच झालं." आणि ती रडू लागली.

सोनुबाई अंगावर गोधडी घेऊन भागीच्या दारात उभी होती. तिनं हे सगळं ऐकलं. पोरीला जवळ घ्यावं म्हणून ती पुढं झाली, पण हात लावायचा धीर होईना. ती तशीच परत फिरली.

परीक्षा सुरू झाली. वनिता गेली नाही. पहिल्या पेपरच्या सकाळी ती गोठ्यात शेण भरत होती. सोनुबाई तिथं गेली, भागीला हाक मारली, आणि दोघींच्या समोर म्हणाली, "म्या खोटं बोलले. मी व्हते मीटिंगला. ना हरकतीला माझाबी हात वर व्हता."

भागीला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"तुला म्हायत व्हतं, आपली वाट हाय ती?"

"नाय. इचारायची लाज वाटली. सगळ्यांनी हात केला, मीबी केला."

"आन् माझी पोर रडत व्हती तवा?"

भागीनं घमेलं उचललं आणि आत निघून गेली. तिन्हीसांजेपर्यंत सगळ्या वाड्याला कळलं होतं. त्यानंतर बायका तिच्या दारावरून जाताना बोलणं थांबवत. गोमासुद्धा दोन दिवस मान खाली घालून जेवला. आपण याच लायकीच्या आहोत, असं तिला वाटत होतं.

शेवटी भागीच आली. दारातूनच म्हणाली, "मीटिंग कवा हाय? आमच्याम्होरं बोलून काय उपेग? जिथं हात केलास तिथं बोल."

मीटिंगच्या दिवशी वाड्यातल्या बायका तिच्याबरोबर खाली उतरल्या. त्यांना आत जागा नव्हती, त्या ओट्यावर बसल्या. सोनुबाई उभी राहिली. ती म्हणाली, की मागं ज्या गटाला ना हरकत दिली त्यावर आमच्या गुरांची डोहाची वाट आहे. ती वाट गेल्यानं एक म्हैस मेली आणि एका पोरीची दहावी बुडाली. मी हात वर केला तो न कळता केला. आज तो मागं घेते.

येसाजी म्हणाले, झालेली गोष्ट अशी मागं घेता येत नाही. आणि कळलं नव्हतं तर तेव्हाच विचारायचं होतं.

"व्हय, इचारायला पायजे व्हतं," सोनुबाई म्हणाली. "तुमी हसाल म्हून नाय इचारलं. आता हसा, पन वाट बघायला चला."

कुणी हसलं नाही. ओट्यावरच्या बायका उठून दारात येऊन उभ्या राहिल्या. येसाजींनी चष्मा काढून पुसला. मग ग्रामसेवक म्हणाले, की जागेवर जाऊन पाहायला हरकत नाही.

पाहणी झाली, तहसील कचेरीत हेलपाटे झाले, प्लॉटवाल्याचा माणूस दोनदा भांडून गेला. पावसाच्या तोंडावर त्यानं एका बाजूनं तार मागं घेतली. दोन म्हशी शेजारून जातील एवढी वाट मिळाली. बायकांना वाटत होतं त्याच्या निम्मी.

वनितानं पुरवणी परीक्षेला बसायचं कबूल केलं. गोणी भागीनंच खाली काढली. पेपरच्या दिवशी भागीला शिळफाट्याला दूध घालणं टाळता येईना, म्हणून पोरीला खालापूरला सोडायला सोनुबाई निघाली. भागी तिच्याशी कामापुरतं बोलू लागली होती, त्याहून जास्त नाही.

एसटीत दोघी शेजारी बसल्या. वनितानं मांडीवर पुस्तक ठेवलं होतं, पण ती वाचत नव्हती.

"मोठी आई," ती म्हणाली, "चांदरी मेली त्या दिवशी तू दारात आली होतीस. मी पाहिलं होतं. का नाही बोललीस?"

"लाज वाटत व्हती गं."

"मला वाटलं, माझीच लाज वाटली तुला. म्हणून मागं फिरलीस."

सोनुबाईच्या हे कधी मनातही आलं नव्हतं. तिनं नाही म्हणून मान हलवली, पुन्हा पुन्हा हलवली, आणि डोळ्याला पदर लावला.

वनिता पुस्तकात बघत राहिली. खालापूरचा स्टँड आला तसं तिनं पुस्तक मिटलं, उठली, आणि सोनुबाईला उतरायला हात दिला.

"पेपर सुटंस्तोवर थांबशील?" तिनं विचारलं.

"थांबते," सोनुबाई म्हणाली.