झालरीची खोळ

शेवटचा स्क्रू निघाला आणि ऋषीने यंत्राचं मागचं झाकण उचलून ओसरीत ठेवलं. आत कापसाचे तंतू गच्च बसले असतील, अशी त्याची खात्री होती. भाव येईपर्यंत कापूस घरातच भरून ठेवायचा, ही इकडची रीत. पुंजारामच्या घरात तो छतापर्यंत रचला होता आणि त्याच खोलीत, भिंतीकडेला, त्यांची खाट होती. पण यंत्राची जाळी निघाली स्वच्छ, आजच बसवल्यासारखी. ऋषी बुचकळ्यात पडला.

हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारी ही यंत्रं तो जालन्याच्या एका छोट्या कारखान्यात बनवत असे. कापसाच्या जिनिंग गिरणीत उभा जन्म काढून छाती निकामी झालेल्या माणसांना परवडतील अशी. पुंजाराम त्यांतलेच एक. पंधरवड्यापूर्वी भर दुपारी यंत्र बंद पडलं आणि ते गेले. यंत्र का बंद पडलं, हे बघायला ऋषी आला होता.

पुंजारामच्या बायकोने, कांताबाईने, चहा आणून ठेवला आणि ती चौकटीला टेकून बसली. मुलगा म्हणत होता यंत्रच भिकार. भावकी म्हणत होती वेळ भरली होती. तिच्या मनात तिसरंच होतं, आणि ते तिने अजून कुणापाशी काढलं नव्हतं.

"मी वेचणीला गेल्ते," ती म्हणाली. "घरी असते तर मालक वाचले असते का? मला कोणी खरं सांगून न्हाई राह्यलं."

अजून तपासतोय, असं काहीतरी ऋषी पुटपुटला. तेवढ्यात आठवल्यासारखी ती उठली आणि आतून एक घडी घातलेलं कापड घेऊन आली.

"हे बी घेऊन जा. तुमच्या मशीनचंच हाय."

खोळ होती. जुन्या इरकलीची, आत गोधडीचं अस्तर, खाली झालर, आणि नळीसाठी एक गोल भोक, त्याला काज शिवावं तशी नेटकी शिलाई. इकडच्या घरांत माणसाला दिवाळीत नवा कपडा मिळाला नाही तरी चालतं, टीव्हीला आणि मिक्सरला मात्र झालर हवी. कापूस आत जाऊ नये म्हणून तिने जीव लावून शिवली होती. कापूस गेला नव्हता. पण हवाही गेली नव्हती.

ऋषीने खोळ हातात धरून ठेवली. धोक्याचा लाल दिवा या कापडाच्या आत लागला असणार आणि कुणाला दिसला नसणार. भोंगाही वाजला असेल, पण पेशंटची झोपमोड नको म्हणून तो त्यानेच हळू ठेवला होता. आणि यंत्र झाकू नका, हे सांगायचं कारखान्यात कुणालाच सुचलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली. तिच्याकडे बघवेना.

"मशीनच खराब होतं, मावशी," तो म्हणाला. "तुम्ही घरी असता तरी काही उपयोग झाला नसता. चूक आमची."

कांताबाईने पदर तोंडाला लावला आणि ती रडली, ते गेल्यापासून पहिल्यांदाच मोकळेपणी. एवढं खोटं चालून जाईल, असं ऋषीला वाटलं.

डोळे पुसून ती म्हणाली की खोळ दुसऱ्या कुणा पेशंटला द्या, वाया नको जायला.

"साळूबाईच्या सासऱ्याच्या मशीनला बी कालच शिवून दिली अशी. त्यांच्या घरी बी कापूसच कापूस."

ऋषी उठलाच. घर कुठलं ते विचारून तो अनवाणी निघाला. काय झालं, काय झालं, करत कांताबाई मागे आली.

साळूबाईच्या घरात म्हातारा खाटेवर निपचित पडला होता, ओठ निळसर. झोप लागली असेल म्हणून सुनेने उठवलं नव्हतं. ऋषीने खोळ ओढून काढली. आत लाल दिवा लागला होता. त्याने यंत्र भिंतीपासून ओढून दाराच्या वाऱ्याला आणलं आणि म्हाताऱ्याला बसतं केलं. बऱ्याच वेळाने दिवा हिरवा झाला. म्हाताऱ्याने डोळे उघडून पाणी मागितलं, तशी साळूबाई तांब्या आणायला पळाली.

कांताबाई उंबऱ्यावरच थांबली होती. तिने खाली पडलेल्या खोळीकडे पाहिलं, मग दिव्याकडे, मग ऋषीकडे. ऋषीने मान खाली घातली.

ती आत आली आणि तिने यंत्राच्या पत्र्यावर तळहात ठेवला. भाजेल, असं ऋषी म्हणाला, तरी तिने हात काढला नाही.

"रानात निघायच्या आधी मी खोळीवरून हात लावून बघितल्तं," ती म्हणाली. "असंच गरम लागलं. मला वाटलं, बराबर चालू राह्यलंय."