टेपचं दुसरं टोक

चिमणाबाई गेली आणि जोतीराम सुताराच्या टेपचं दुसरं टोक धरायला कुणी उरलं नाही. मंगळवार पेठेत पुढं दुकान, मागं घर. लांब फळी मोजायची झाली की तो हाक मारायचा, "धर गं!" आणि ती पिठाचे हात पदराला पुसत बाहेर यायची. टेपच्या पुढचं, फळीच्या कडेला अडकणारं पत्र्याचं नाक केव्हाच तुटून पडलं होतं, पण नवी टेप आणायचं जोतीरामला कधी सुचलं नाही. बायकोचा अंगठा असताना नाक हवंय कशाला?

तिचे दिवस झाल्यावर त्यानं टेप खिळ्याला अडकवली ती अडकवलीच. जुन्या बाजारात जाऊन दोन फुटी पोलादी पट्टी आणली. फळीवर टेकवायची, खूण करायची, पुढं सरकवायची. कुणाला हाक मारायला नको. पट्टीच्या टोकाला इंग्रजीत काहीबाही कोरलेलं होतं, निम्मं गंजानं खाल्लेलं. "ह्ये काय ल्हिवलंय?" त्यानं विचारलं, तर भंगारवाला म्हणाला, "मामा, वाचायला न्हेताय का मापायला? असलं पोलाद आता शोधून गावायचं न्हाय." पोलाद खरंच देखणं होतं. जोतीरामनं अक्षरांचा नाद सोडला.

तिथून त्याच्या कामाला दृष्ट लागली. शेजारच्या हंबीररावांनी आपल्या टेपनं चौकटीचं माप घेऊन सांगितलं, त्यावर त्यानं दार केलं, ते चौकटीत शिरेना. लाकूड फुगलं असेल म्हणून त्यानं रंधा मारून कसंबसं बसवलं. मग निर्मलाकाकूंनी त्यांच्या टेपनं घेऊन दिलेल्या मापावर त्यांच्या भिंतीतल्या कोनाड्यात बसवायचं कपाट केलं. चौघांनी ढकललं, काकूंनी देवाचं नाव घेतलं, तरी ते आत जायला तयार नाही. जोतीरामची मान खाली गेली.

"म्हाताऱ्याचा अंदाज गेला की रं," हंबीरराव चहाच्या हॉटेलात म्हणाले. हळू बोलणं कोल्हापुरात कुणाला शिकवलेलं नसतं. मागच्या बाकावर जोतीराम बसला होता. तो अर्धा चहा तसाच टाकून उठला. घरी येऊन त्यानं दोन्ही हात समोर धरून पाहिले. हात थरथरत नव्हते, नजर धड होती, तरी काम चुकत होतं. म्हणजे जाताना ती आपला हातच घेऊन गेली, असं त्याच्या मनानं घेतलं, आणि हे कुणाला बोलून दाखवावं तर ऐकणारं माणूसही तीच होती.

पुण्याचा मुलगा सयाजी फोनवर वर्षभर एकच सांगत होता, "आबा, दुकान बंद करा आन् हिकडं या." कपाटानंतर जोतीराम हो म्हणाला. तिथं तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत बसून दिवस काढायचे, हे त्याला ठाऊक होतं. पण हात गेलेल्या सुतारानं दुकान मांडून तरी काय करायचं? त्यानं हत्यारं विकायला काढली.

ती बघायला गडमुडशिंगीचा भरमाप्पा आला. शिरोलीच्या फौंड्र्यांसाठी लाकडी नमुने करणं हा त्याचा धंदा. त्या नमुन्यावरून वाळूत साचा उठवतात आणि त्यात वितळलेलं लोखंड ओततात. त्यानं रंधे पाहिले, पटाशांची धार अंगठ्यावर घेतली आणि मग पट्टी उचलून दारात उजेडाला धरली.

"ही तुमच्याकडं कशी?"

"पट्टी हाय ती, पावणं. घ्या ती बी."

"पट्टी हाय ते दिसतंय की! कसली पट्टी, ठावं हाय काय? टेप आना जरा."

जोतीरामनं खिळ्यावरची टेप काढली. तिच्यावर धूळ साचली होती. तुटकं टोक भरमाप्पानं पट्टीच्या सुरुवातीला अंगठ्यानं दाबून धरलं. परका, काळवंडलेला अंगठा. पण टोकाला अंगठा होता, आणि जोतीरामला उगीचच भरून आलं. त्यानं टेप ताणली. पट्टीवरचे दोन फूट टेपवर दोन फूट पाव इंच भरले.

"वतल्यालं लोखंड गार झालं की आकसतंय," भरमाप्पा म्हणाला. "म्हून आमी नमुना जरा मोठाच करतो. दर खेपंला हिशेब कोन करत बसनार? तवा ह्या पट्टीवर इंचच वाढवून आखल्यात. हितं कोरलंय की तसं. आता लाकूड काय गार हून आकसतंय व्हय? हिच्यावर दार केलासा तर ते चौकटीत कसं बसंल?"

"म्हंजे माझा हात..."

"हाताला काय धाड भरलीया!" भरमाप्पा मोठ्यानं हसला.

जोतीरामनं पट्टी त्याच्या हातात कोंबली आणि हत्यारांच्या पेटीचं झाकण लावलं. "एवढी न्ह्या. बाकीचं इकायचं न्हाय."

पाहुणा गेला तसा तो लगबगीनं आत वळला. "अगं, ऐकलंस का, हाताला काय..." स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर त्याला भान आलं. चूल सकाळपासून थंड होती.

मग डोळे पुसून त्यानं काम काढलं. पुण्याला जायचं नाही म्हणून सयाजीला कळवायचं होतं, पण आधी काकूंचं कपाट पुन्हा करायचं. लांब फळी आडवी टाकली, टेप घेतली आणि सवयीनं तोंडातून हाक गेली, "धर गं!"

त्यानं आतून तिचा वरवंटा आणला आणि टेपचं टोक त्याच्याखाली दाबलं. वरवंट्यानं ते घट्ट धरलं, तसूभर हलू दिलं नाही. चिमणाबाई हलायची. चुलीवरच्या दुधाकडं एक डोळा ठेवून अंगठा पुढं सरकवायची, आणि तो तिच्यावर ओरडायचा. इतकी वर्षं ओरडत आला होता. आता ओरडण्याजोगं काहीच घडत नव्हतं.

माप अगदी बरोबर आलं.