उभ्या पायाचे माप

डाव्या पायाचा बूट आहे मी, आणि आता चांगलाच जुना. माझा उजवा जोडीदार शांत स्वभावाचा आहे. कोपऱ्यात ठेवले की तो निवांत पडून राहतो. मला ते कधीच जमले नाही. मित्रांनो, बुटाला बसून राहण्याचा इतका कंटाळा का, असे तुम्ही विचाराल. सांगतो.

माझा जन्म कानपूरकडच्या एका कारखान्यात झाला. म्हशीचे जाड चामडे, घोट्याच्या वर चार बोटे उंची, खाली खोल खाचांचा रबरी तळ. एका चष्मेवाल्या कारागिराने मला दुहेरी शिलाई घातली आणि खोक्यात बंद करताना माझ्या टाचेवर थाप मारली. मला वाटले, आता चालायचे. पण मालगाडीतून, टेम्पोतून मी सिंदी रेल्वे नावाच्या गावी आलो तो थेट सदाशिवरावांच्या दुकानातल्या सगळ्यात वरच्या फळीवर.

त्या फळीवर मी दोन वर्षे काढली. खाली शाळेचे बूट यायचे, जायचे. बायकांच्या चपला यायच्या, जायच्या. लग्नसराईत मोजड्या तर आठवडाभरही टिकत नसत. स्टेशनात गाडीची शिट्टी झाली की माझ्या लेसचे टोक थरथरे. जगात सगळे कुठे ना कुठे निघाले आहेत आणि मी मात्र पंख्याची धूळ खातो आहे, असे वाटून जीव कासावीस होई.

एकच विरंगुळा होता, सदाशिवरावांचे बोलणे. त्यांनी ऐंशी ओलांडली होती. दुकान त्यांचा मुलगा गजेंद्र पाही, आणि ते वेताच्या खुर्चीत बसून गिऱ्हाइकांना जुन्या गोष्टी सांगत. त्यांच्या तरुणपणी परवाना काढून बोर नदीकडच्या रानात सांबराच्या शिकारीला जाणारे लोक याच दुकानातून बूट नेत.

"सांबराच्या मांगं जाणारा माणूस सकाऊन बूट घ्यायले येतच नव्हता," ते सांगत. "दिवसभर चालून पाय फुगला का मंग ये. जाड मोजे घालून ये. अन् उभा राहून घाल. म्होरं अंगठ्याएवढी जागा पायजे, मांगं टाच हालली नाई पायजे. दुकानात दहा चकरा मार. मंगच घे."

"आजोबा, आता सांबर मारलं तर जेलात जा लागते," एखादे गिऱ्हाईक हसत म्हणे.

"मारू नको ना बाबा. पण सांबर जिथं जाते तिथं तुले बी जा लागते का नाई? मंग पाय तर सांभाळशील?"

मित्रांनो, हे सारे मी इतक्यांदा ऐकले की मला ते पाठ झाले. पण बुटाला तोंड असून बोलता येत नाही, हे माझे दुर्दैव.

डिसेंबरातली एक सकाळ होती. सदाशिवराव देवळीला लग्नाला गेले होते. केळझरच्या पलीकडच्या गावातला पियुष नावाचा तरुण कापसाची गाडी घेऊन सिंदीला आला होता. तो दुकानात शिरला आणि त्याने खिशातून तुरीच्या काडीचा एक तुकडा काढला.

"आईसाठी बूट पायजे. हे माप."

"बूट?" गजेंद्र म्हणाला. "चप्पल नाई?"

"नाई ना. जंगलखात्याच्या पोरींच्या पायात पाह्यले तिनं. वावरात कापसाच्या पऱ्हाटीचा खुंट चपलेतून आरपार घुसला तिच्या पायात. तवापासून बूटच पायजे म्हणून राह्यली."

गजेंद्रने स्टुलावर चढून मला खाली काढले, झटकले आणि ती काडी माझ्या पोटात सारली. काडीचे एक टोक टाचेला टेकले, दुसरे पुढे माझ्या नाकाला. "पाह्य, बरोब्बर बसली," तो म्हणाला. मी आतून ओरडत होतो की अंगठ्याएवढी जागा कुठे आहे? पण मला खोक्यात घातले गेले. खरे सांगतो, ओरडता ओरडता मी थांबलोही. मला निघायचे होते.

आमच्याकडे हे काडीचे माप फार जुने आहे. वेचणीच्या दिवसांत बाईमाणसाला बाजाराला जायची सवड नसते. मग पायाच्या लांबीची काडी मोडायची आणि बाजाराला जाणाऱ्याच्या हाती द्यायची. चपलेला ते चालून जाते. टाच बोटभर बाहेर राहिली तर राहिली. पण बूट चारी बाजूंनी बंद असतो. त्यात पायाला पळून जायला जागा नसते. शिवाय ती काडी पियुषच्या आईने, भागीरथाबाईंनी, सकाळी उठल्या उठल्या, ओसरीवर बसून, पाय लांब करून मोडली होती. हे मला पुढे कळले.

भागीरथाबाई अठ्ठावन्न वर्षांच्या. नवरा गेल्यापासून अडीच एकर वावर त्यांनीच राखले होते. वावराच्या एका अंगाला नाला, नाल्यापलीकडे जंगल. त्या साली त्यांनी हरभरा पेरला होता. उन्हे कलली की नाल्यातून सांबर वर येत आणि कोवळे शेंडे खुडत. त्यांना इजा करायची नसते, नुसते हाकलायचे असते. त्यासाठी धुऱ्याने, म्हणजे बांधाने, फेऱ्या मारायच्या, पत्र्याचा डबा वाजवायचा, आणि जनावराच्या आधी त्या कोपऱ्यात पोचायचे. सगळा खेळ पायांचा.

पहिल्या दिवशी त्यांनी मला पायात चढवले तेव्हा मला किती आनंद झाला म्हणून सांगू. माती, ढेकळे, ओल्या सरीचा गारवा, खुंट, काटे. एकही काटा मी आत येऊ दिला नाही. पण दुसऱ्या फेरीला त्यांची बोटे माझ्या नाकावर आदळू लागली. उतारावर तर प्रत्येक पावलाला. मी आकसून मागे सरकायचा प्रयत्न केला. चामडे ते, किती सरकणार? आठ दिवसांत त्यांच्या करंगळीचे नख काळे पडले. टाचेला फोड आला, फुटला, पुन्हा आला. ज्या पायाला जपायला मी आलो, त्यालाच मी रोज चावत होतो.

त्यांनी घरात काही सांगितले नाही. दारापर्यंत लंगडत यायच्या आणि उंबऱ्यात सरळ व्हायच्या. पण फेऱ्या कमी झाल्या. नाल्याकडचा एक पट्टा जनावरांनी साफ केला. ते पियुषने पाहिले, आणि मोज्यावरचे रक्तही पाहिले.

"आई, तुह्या पायानं नाई होत आता."

"पायाले काय झालं?"

"पाह्यलं म्या. तुले काऊन एवढा हट्ट? मी देवळीच्या दुकानातल्या नोकरीवरून येतो सात वाजता, तवरिक सांबर खाऊन जाते. वासुदेवकाका वावर ठेक्यानं मांगून राह्यले. रविवारी पाहायले येतो म्हणे."

"अन् मी काय करू?"

"आराम कर."

भागीरथाबाईंनी मला हातात घेऊन ओसरीच्या कोपऱ्यात ठेवले. मित्रांनो, ती रात्र मी विसरणार नाही. वावर गेले तर त्यांचे चालणे संपणार होते, आणि त्याला कारण मी होतो. रविवारला पाच दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दिवसभर वावरात चपलेवर काम केले आणि चार वाजता मला पिशवीत घालून ऑटोने सिंदी गाठली.

"वापरलेले बूट वापस नाई घेत, मावशी," गजेंद्र म्हणाला.

वेताच्या खुर्चीतून सदाशिवरावांनी मान वर केली. "माप कोणं घेतलं होतं?"

"काडी आणली होती त्याईनं. काडी बरोबर बसली."

"काडीले पाय असते का बे? तू बाईले उभंच नाई केलं. दुकानात एवढी वर्षं बसून काय शिकला?" मग ते भागीरथाबाईंकडे वळले. "बाई, चूक आमची हाय. पण या जातीच्या बुटात तुमच्या मापाचा आता येत नाई, अन् मोठा दिला तर टाच हालून फोडं येतील. तुम्ही असं करा, स्टेशनापाशी निंबाखाली कौशल्याबाई बसते, तिच्यापाशी जा. तिच्या नवऱ्यानं शिकाऱ्यांचे बूट शिवले आहेत. तिचा हात त्याच्याऊन चांगला. जे पैसे लागते ते दुकानातून देऊ म्हणा."

कौशल्याबाईंनी मला उलटा केला, आत हात घातला, मग भागीरथाबाईंचा पाय पाहिला.

"बूट घेतला का कोंडवाडा घेतला वो?"

भागीरथाबाई हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या.

"वावरात डोक्यावर काय नेतं?"

"हरभऱ्याचा भारा, सरपण, पाण्याची कळशी."

"मंग घे हे पोतं डोक्यावर अन् ह्या पुठ्ठ्यावर उभी राह्य. दोन्ही पायांवर. लाजू नको, इथं पाहून राह्यलं कोण?"

रस्त्यावरचे सगळेच पाहत होते. भागीरथाबाई चामड्याच्या तुकड्यांचे पोते डोक्यावर घेऊन उभ्या राहिल्या आणि कौशल्याबाईंनी खडूने पायाभोवती रेघ ओढली. मग त्यांना बसवून तोच पाय पुठ्ठ्यावर हलकेच ठेवला आणि दुसरी रेघ ओढली. दोन रेघांमध्ये पुढे अर्ध्या बोटाचे अंतर पडले, बाजूला त्याहून थोडे कमी.

"पाह्य. बसलेला पाय पाहुण्यावाणी असते, अंग चोरून राह्यते. उभा झाला का मंग घरचा होते." त्यांनी माझ्या नाकावर नख फिरवले. "ह्याचं नाक कापा लागते. दिसायले वंगाळ दिसीन."

"दिसू दे. चालायले पायजे."

"शनिवारी येजो."

कापणे म्हणजे कापणेच. चामडे कापायच्या रापीच्या तीन फिरक्यांत माझे नाक गेले, मग उजव्याचे. कौशल्याबाईंनी जुन्या पट्ट्याच्या काळ्या चामड्याचे नवे, लांब नाक शिवले आणि त्याला पुरेल असा टायरचा तळ खाली बसवला. बाजूंचे चामडे ओले करून लाकडी साच्यावर दोन दिवस ताणले. मी तपकिरी होतो; आता माझे तोंड काळे होते. कारखान्याची ऐट गेली. पण शनिवारी संध्याकाळी जाड मोज्यांतला पाय आत आला, डोक्यावर पोते घेऊन उभा राहिला, आणि पहिल्यांदाच त्या पायाची बोटे माझ्यात मोकळी हलली.

रविवारी वासुदेवराव आले. वावरातल्या राखणीच्या माचाशी टेकून ते पियुषशी बोलत होते तेवढ्यात नाल्यातून एक सांबराची मादी वर आली, मागे तिचे वर्षाचे पाडस. पियुष डबा घेऊन धावला. त्याच्या पायात सँडल. वीस पावलांवर पऱ्हाटीचा खुंट लागला आणि तो एका पायावर नाचू लागला.

भागीरथाबाई धावल्या नाहीत. ओल्या सरीतून सरळ चालत गेल्या. चिखलात माझा तळ रुतला आणि सुटला, रुतला आणि सुटला. जनावरे मधल्या पट्ट्यात शिरायच्या आत आम्ही त्यांच्या आणि हरभऱ्याच्या मध्ये होतो. डबा दोनदा वाजला. मादीने कान उभारले, पाय आपटला आणि पाडसासह नाल्यात उतरली. मग वरच्या कोपऱ्यात दुसरी दोन दिसली. आम्ही तिकडे गेलो. अंधार पडेपर्यंत तीन फेऱ्या झाल्या.

परत आल्या तेव्हा वासुदेवराव पियुषला म्हणत होते, "ठेक्यानं घेऊन मी राखणीले कोण ठेवू? माझ्यापाशी असा माणूस नाई. तुह्या घरी हाय, अन् तू त्याले आराम कर म्हणून राह्यला."

पियुषने तळवा चोळत विचारले, "आई, पाय नाई दुखत?"

"दुखते ना. अठ्ठावन्न वर्षांचा पाय हाय. पण बुटानं नाई दुखत."

त्या साली नाल्याकडचा तो एक पट्टा सोडला तर सारा हरभरा घरी आला. वावर ठेक्याने गेले नाही. पुढच्या हंगामात पियुषने फेरीसाठी स्वतःला बूट घेतले, आणि दुकानात इतक्या चकरा मारल्या की गजेंद्र कंटाळला.

याला चार वर्षे झाली. माझा तळ तीनदा बदलला. घोट्याजवळ चामडे चिरले आहे, आणि यंदा पाणी आत येऊ लागले आहे. मित्रांनो, एक विनंती करतो. आमच्यावरचा चिखल वाळू देऊ नका. ओले झालो तर चुलीशी ठेवू नका, सावलीत वाळवा. अधूनमधून जवसाच्या तेलाचे बोट फिरवा. घालण्याआधी उलटे करून झटका, विंचवालाही आमच्यात उबदार वाटते. आणि घरातल्या कोणासाठी बूट घ्यायचे असतील तर त्या माणसाला सोबत न्या. त्याला उभे राहू द्या, चालू द्या, आणि कुठे लागते ते त्यालाच सांगू द्या.

परवा भागीरथाबाईंनी पियुषला सांगितले, "शनिवारी मले सिंदीले नेजो, नवा जोड पाहायले. दिवसभर वावरात राहीन, मंग जाऊ."

तेव्हापासून मी दिवस मोजतो आहे. उजवा म्हणतो, आपल्या जागी दुसरा येणार आणि तुला कसली घाई झाली आहे? त्याला काय सांगू? सिंदीपर्यंत त्या आम्हालाच घालून जाणार आहेत.