पाण्याचा हबका

वरून काठीचे दोन ठोके पडले, तशी पेइफेनच्या हातातली पोळी तव्यावर वाकडी पडली.

"आवाज कुठाय?" जिन्यातून नवऱ्याचा आवाज आला. "पोळी भाजतेयस की झोपवतेयस?"

पेइफेनने पोळी सरळ केली. शांघायच्या त्या जुन्या घरात पाच बिऱ्हाडांचं स्वयंपाकघर एकच, त्यामुळे वरच्या खोलीतल्या माणसालाही खालच्या तव्याची खबर असायची.

तिच्या नवऱ्याने, बाओशेंगने, गल्लीच्या तोंडाशी एकतीस वर्षं कांद्याच्या पातीच्या पोळ्या भाजल्या, डुकराच्या चरबीत, पदर न् पदर सुटलेल्या. महिन्यापूर्वी त्याला हृदयाचा झटका आला. दुसरा झटका तो सोसणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी पेइफेनला बाजूला घेऊन सांगितलं होतं. ठेला बंद झाला. घरी आल्यापासून या गृहस्थाचा एकच हेका: चरबी नसेल तर ती पोळी नव्हे, आणि पोळी नसेल तर काहीच नको. चार दिवस नुसते पेजेचे दोन-दोन घोट. मनगटांच्या काटक्या झाल्या होत्या. पेइफेनला राग येत होता, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटत होती.

म्हणून आज तिने मैदा उकळत्या पाण्यात भिजवला, पात दुप्पट चिरली, मीठ हात राखून घातलं आणि लाटीवर तेलाचं नुसतं बोट फिरवलं. पोळी दिसायला बरी होती, पण तव्यावर गपगार.

शेजारच्या शेगडीवर थांगबाईंच्या कढईत चरबी तडतडत होती. "एक चमचा घे गं," त्या कुजबुजल्या. "एका चमच्याने कोण मरतंय?"

"मग ॲम्ब्युलन्स तुम्ही बोलवाल?"

थांगबाईंचं तोंड उतरलं. "त्याच्या पोळ्या खाऊन म्हातारी झाले मी. जीव तुटतो, म्हणून म्हटलं."

वरून पुन्हा ठोका पडला. पेइफेनने कढईकडे पाहिलं. चमचा हाताशीच होता. तिचा हात पुढे झालासुद्धा. मग तोच हात तिने नळाखाली धरला, तव्याच्या कडेला पाण्याचा हबका मारला आणि वर झाकण ठेवलं. चर्रर्र!

वर सगळं शांत झालं. मग जिना करकरला.

"अगं बाई, उतरतोय की हा!" थांगबाई म्हणाल्या.

"थांब, म्हातारोबा! जिना उतरायचा नाही तुला!" पेइफेन धावली.

"तू तव्याकडे बघ. करपेल."

एक पायरी. दम. पुन्हा एक पायरी. अशा तेरा पायऱ्या. हात पसरून ती खालीच उभी राहिली. तो पोचला तेव्हा पांढराफटक पडला होता.

"पाणी होतं ते," तो म्हणाला. "पाणी एकदाच ओरडतं आणि गप्प होतं. चरबी शेवटपर्यंत बोलत राहते. मला वेड्यात काढतेस?"

"काढते!" पेइफेनचा आवाज फाटला. "फसवीन, खोटं बोलेन, पाया पडेन. पण त्या कढईला हात लावू देणार नाही. तू गेल्यावर मी कुणासाठी मैदा भिजवू?"

थांगबाईंनी मुकाट्याने गॅस बंद करून कढई झाकली.

बाओशेंगने तिच्या हातातून उलथनं घेतलं आणि तो तव्यापाशी गेला. "आच बारीक कर. अशाने चामडं होईल." पाणी आटल्यावर त्याने पोळी उचलून दोन्ही बाजूंनी चापट्या मारल्या. पदर सुटले, थोडेसेच. एक तुकडा मोडून तो उभ्यानेच चावत राहिला. दोघी त्याच्या जबड्याकडे बघत होत्या.

"मीठ कमी आहे."

"कमीच राहील."

घास गिळून तो सवयीने बोटं कमरेच्या एप्रनला पुसायला गेला. एप्रन नव्हता. बोटांवर पुसण्यासारखंही काही नव्हतं. ती कोरडी बोटं त्याने खिडकीच्या उजेडात धरून पाहिली, आणि दुसऱ्या तुकड्यासाठी हात पुढे केला.