परसबागेची नोंद

शब्द माझाच होता. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्ही मला बोल लावायला मोकळे.

शेती खात्याच्या ऑफिसात मी मसुदे लिहिते. माझ्या नाकावर राग असतो असं सगळे म्हणतात, पण हिची भाषा चांगली आहे असंही तेच म्हणतात. गेल्या वर्षी वरून नवं धोरण आलं. शेती मोठी हवी, सलग हवी, यंत्रानं व्हायला हवी. पाच एकरांहून लहान तुकड्यांना त्यात ‘अव्यवहार्य क्षेत्र’ म्हटलं होतं. ते मोठ्या साहेबांच्या कानाला खटकलं. लोक चिडतील, जरा गोड काहीतरी सुचवा, म्हणाले. बाकीचे सगळे खाली माना घालून बसले आणि मी शहाणी पटकन बोलून गेले, परसबाग म्हणा की. साहेब खूश झाले, वाहवा झाली, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. पुढचं पान मी उलटूनही पाहिलं नाही.

पुढच्या पानावर पाणी होतं. कालव्याचं पाणी फक्त शेतीला. परसबाग म्हणजे हौस, तिला पाण्याची पाळी नाही. छापील प्रत हातात आली तेव्हा हे वाचलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

नव्या धोरणाप्रमाणे जमिनींची नोंदणी करायला माणसं कमी पडली म्हणून आम्हालाही टॅब देऊन गावं वाटून दिली. माझ्या वाट्याला नेमकं ताईचं गाव आलं. बदलून द्या म्हटलं, तर साहेब म्हणाले, ओळखीचं गाव आहे, काम लवकर उरकेल. डोकं असं फिरलं म्हणून सांगू! पण गेले.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिची आणि भावोजींची सव्वादोन एकर जमीन. गाजर, कोबी, घेवडा, पालेभाज्या. गावातली शाळा आणि दवाखाना दोन्हींची स्वयंपाकघरं तिच्याच भाजीवर चालतात. बांधापलीकडे कंपनीचा मका, नजर पोहोचेल तिथवर. त्यात माणूस दिसलाच तर यंत्राच्या काचेआड.

मी पोहोचले तेव्हा ताई शेडमध्ये टबात गाजरं धूत होती. सरकार आलं, खुर्ची पुसा, असं म्हणत भावोजींनी खरंच खुर्ची पुसली. मी नाव भरलं, क्षेत्र भरलं. सव्वादोन आकडा टाकताक्षणी पडद्यावर आपोआप ‘परसबाग’ उमटलं. ताई ओल्या हातांनी खांद्यामागून वाचत होती. ही कसली चेष्टा, म्हणाली. मग मला पाण्याचं सांगावं लागलं. सांगताना मी टॅबकडेच बघत होते. भावोजी उठून कोबीच्या वाफ्याकडे गेले आणि तिथे नुसतेच उभे राहिले.

मी म्हटलं, सहा एकर लिहिते, बघू कोण मोजायला येतंय ते. ताईनं मला झापलं. जमीन उपग्रहातून मोजतात हे तूच मागे सांगितलंस, नोकरी घालवायची आहे का तुला, गपचूप खरं ते लिही.

मग तिनं विचारलं, “हा शब्द काढला तरी कुणी?”

वरून आला, असं म्हणता आलं असतं. ऑफिसात आम्ही उठता बसता तेच म्हणतो. पण ताईशी खोटं बोलणं मला जन्मात जमलं नाही.

“मी.”

तिनं हातातलं गाजर टबात सोडलं. “आईची होती परसबाग,” ती म्हणाली. “तिलाही आपण रोज पाणी घालायचो की गं.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मीही ओरडले असते, दोघी भांडून रडून मोकळ्या झालो असतो. पण ती शांत होती आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

शेवटचा रकाना व्यवसायाचा. तिथलं ‘शेतकरी’ पुसट झालं होतं, कितीही वेळा दाबलं तरी दबेना. सव्वीस वर्षं ही बाई पहाटे चिखलात उतरते आहे आणि यंत्र म्हणतं, दुसरं काहीतरी निवडा. उरलेली यादी मी वाचून दाखवली. गृहिणी, नोकरी, व्यापार, शेतमजूर, इतर.

“शेतमजूर कोण?” ताईनं विचारलं.

“कंपनीच्या शेतावर कामाला असतात ते.”

“त्या शेताला पाळी आहे?”

“आहे.”

तिनं पदराला हात पुसले. “मग तेच लिही. पाणी तुटलं की तिथेच जाणार मी. तुला पुन्हा खेप नको.”

मी तिच्याकडे पाहिलं. ती चिडून बोलत नव्हती, माझी एक फेरी वाचवत होती. मी ‘शेतमजूर’ दाबलं. यंत्रानं ते लगेच घेतलं.